आडव्या वाऱ्याचा हिशोब

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. सायकलच्या कार्बनच्या चाकांची एक बऱ्यापैकी जोडी पन्नास हजारांच्या आसपास पडते. म्हणजे सहा क्विंटल कापूस. आमच्या राळेगाव तालुक्यात कोरडवाहू एकरात बऱ्या वर्षी निघतो, साधारण तेवढा. मी सॉफ्टवेअर लिहितो, माझा पगार शेतातून येत नाही. पण घरी अजून कापूस होतो आणि घरातल्या कुठल्याही खर्चाचं माप शेवटी कापसातच काढलं जातं.

मला गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ शर्यतीत उतरायचं आहे. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं. त्यासाठी चाकं घ्यावीत का, आणि घेतलीच तर त्यांची रिम किती खोल असावी, एवढाच माझा प्रश्न होता. रिमची खोली म्हणजे टायरपासून आत, तारा जिथे खोचलेल्या असतात तिथपर्यंतचं अंतर. साध्या सायकलच्या रिमला ती दीड-दोन सेंटिमीटर असते. बाजारात ३० मिलिमीटरपासून ८० पर्यंत सगळं मिळतं, आणि त्याच्याही पुढे पूर्ण भरीव डिस्क. दुकानदार एक आकडा सांगतो, यूट्यूबवरचा माणूस दुसरा. म्हणून मी आकडे बाजूला ठेवले आणि ही चाकं इतकी खोल झालीच कशी, ते वाचायला घेतलं.

सुरुवात भरीव चाकापासूनच करावी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठावर दायमाबाद आहे. तिथे १९७४ मध्ये तांब्या-काशाच्या काही वस्तू सापडल्या. त्यात दोन बैल जुंपलेला एक रथ आहे, साधारण ४५ सेंटिमीटर लांबीचा, आणि तो हाकणारा माणूस. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचा मानला जाणारा हा रथ. त्याची चाकं भरीव आहेत. एकही आरा नाही.

भरीव चाक मजबूत, पण जड. जगभरातल्या सुतारांनी पुढची हजारो वर्षं त्यातलं लाकूड कमी करण्यात घालवली. आमच्याकडच्या बंडीचं चाक हे त्या कामाचं पक्कं रूप: मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, वर गोलाईत जोडलेले लाकडी पाठे आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. या चाकात ओझं खालच्या आऱ्यावर उभं असतं. आरा खांबासारखं काम करतो, म्हणून तो जाड लागतो.

सायकलचं चाक याच्या अगदी उलट चालतं. इंग्लंडच्या जॉर्ज केलीने १८०८ मध्ये कल्पना मांडली की आरे ताठ खांब नसले तरी चालेल, घट्ट ताणलेल्या दोऱ्या असल्या तरी भागेल. केलीला हे चाक सायकलसाठी नको होतं, सायकल तेव्हा नव्हतीच. त्याला उडत्या यंत्राखाली लावायला हलकं चाक हवं होतं. पुढे १८६९ मध्ये पॅरिसच्या यूजीन मेयरने तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं आणि १८७४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तारा तुंब्यापासून सरळ न काढता तिरक्या काढायची युक्ती केली. आज तुमच्या सायकलच्या चाकात तारा एकमेकींना ओलांडून जातात, ती हीच. बारीक तार दाबली तर वाकते, ओढली तर मात्र भरपूर सोसते. सगळ्या तारा आधीच ताणून ठेवल्या की ओझं आल्यावर खालच्या तारांचा ताण फक्त थोडा कमी होतो. आपल्याकडच्या जुन्या अठ्ठावीस इंची सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असायच्या. त्या चाकाने दुधाच्या कॅना वाहिल्या, गॅसच्या टाक्या वाहिल्या, डबलसीट माणसं वाहिली. गावातल्या सायकलवाल्याने आउट काढून दिला की परत वर्षभर बघायचं काम नाही.

या सगळ्या काळात वेगवान चाक म्हणजे हलकं चाक हे गृहीतच होतं. विदर्भातल्या शंकरपटात जो उभा राहिला असेल त्याला हे सांगावं लागत नाही. तिथे धावणारा छकडा होईल तितका हलका ठेवतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, तोही वजनाशीच झुंजत असतो. चढावर हे खरंच आहे. सपाटीवर नाही.

सपाट रस्त्यावर ताशी ३० च्या पुढे गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. वेग दुप्पट झाला तर हवेचा अडथळा चौपट होतो आणि त्याला लागणारी ताकद आठपट. त्यात चाकाची एक खास अडचण आहे. चाक जिथे रस्त्याला टेकतं तो बिंदू क्षणभर स्थिर असतो, आणि सगळ्यात वरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. तुम्ही ४० ने जात असाल तर वरच्या तारा हवेला ८० ने कापत असतात. एकेक तार बारीक, पण गोल तार हवेला वाईटच. तिच्यामागे भोवरे उठतात. अशा तीस-बत्तीस तारा घुसळत राहतात, रवीसारख्या.

मग तारा झाकूनच टाकल्या तर? २३ जानेवारी १९८४ ला इटलीच्या फ्रान्सेस्को मोझरने मेक्सिको सिटीच्या ट्रॅकवर तासाभरात ५१.१५१ किलोमीटर कापले. आधीचा विक्रम एडी मर्क्सचा होता, १९७२ चा, याच शहरातला: ४९.४३१. मर्क्सच्या सायकलला तारांची चाकं होती. मोझरच्या दोन्ही चाकांच्या जागी भरीव तबकड्या होत्या. दायमाबादचं चाक परत आलं होतं, यावेळी वजन सोसून वारा चुकवायला.

विक्रम १.७२० किलोमीटरने मोडला, पण त्यातला किती वाटा चाकांचा, हे वेगळं काढता येत नाही. हँडल वेगळं होतं, पोशाख अंगाला चिकटलेला होता, सरावामागे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ होते. आमच्या धंद्यात एकाच रिलीजमध्ये पाच गोष्टी बदलल्या आणि अॅप जलद चाललं, तर श्रेय कुणाला द्यायचं यावर मिटिंगा होतात. इथे श्रेय डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टीला मिळालं. सगळ्यांना ती चाकं हवी झाली. सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआय हिला २००० मध्ये एवढी चिंता वाटली की तिने तासाच्या विक्रमाचं मोजमाप पुन्हा मर्क्सच्या आकड्यापासून सुरू केलं आणि मोझरचा आकडा वेगळ्या यादीत टाकला. २०१४ मध्ये नियम परत सैल झाले.

श्रेयाचा हा गोंधळ पाच वर्षांतच एका दुपारी उघडा पडला. २३ जुलै १९८९, टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची एकेकट्याची शर्यत. फ्रान्सचा लॉरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. त्याच्या सायकलला पुढेही डिस्क आणि मागेही डिस्क. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने डिस्क फक्त मागे लावली होती. पण त्याच्या हँडलवर एअरोबार होते, म्हणजे कोपरं टेकवून हात पुढे जोडून बसायची सोय. लेमाँडने ताशी ५४ किलोमीटरहून जास्त वेगाने अंतर कापलं आणि तीन आठवड्यांची टूर ८ सेकंदांनी जिंकली. चाकांमध्ये फिन्यों पुढे होता. बसण्यात लेमाँड पुढे होता.

असं व्हायचं कारण सोपं आहे. सायकल आणि स्वार मिळून हवेला जो अडथळा होतो, त्यातला साधारण तीन-चतुर्थांश स्वाराच्या अंगाचा असतो. दोन्ही चाकं मिळून दहा-पंधरा टक्के. आणि ही बसण्याची पद्धत सायकलच्या मोठ्या घराण्यांतून आली नव्हती. ती आली ट्रायथलॉनमधून, आणि रेस अॅक्रॉस अमेरिका म्हणजे 'राम' या शर्यतीतून. १९८६ मध्ये पीट पेनसेयर्स या अमेरिकन माणसाने कोपरं टेकवायची सोय हँडलवर स्वतःच करून 'राम' जिंकली होती. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर सायकल चालवायची, तर हातांना विसावा हवा होता. वारा कमी लागला तो त्याच बसण्याने.

'राम' हे नाव मराठी माणसाला अनोळखी नाही. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली, नऊ दिवसांच्या आत. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिव्होस्तोक ही नऊ हजारांवर किलोमीटरची शर्यतही. नागपूर आमच्यापासून काही तासांवर. आमच्याकडे लांब पल्ल्याची सायकल हा विषय सुरू झाला की त्यांचं नाव निघतंच. त्यांच्या वाटेत कॅन्ससची पठारं आहेत, जिथे दिवसभर आडवा वारा असतो आणि आडोशाला झाड नसतं. ट्रॅकवर मोडलेला विक्रम आणि अशी वाट यांत फरक पडतो तो या आडव्या वाऱ्यानेच.

बंद ट्रॅकवर वारा फक्त समोरून येतो, म्हणजे तुमच्याच वेगाने तयार होतो. रस्त्यावर तो बाजूनेही येतो, आणि बाजूने पाहिलं तर चाक म्हणजे शीड. ते किती मोठं, हे मी कागदावर काढलं. नेहमीच्या रोड सायकलचं चाक धरून, टायर सोडून फक्त रिमचं क्षेत्रफळ:

३० मिलिमीटर खोल रिम: सुमारे ५७० चौरस सेंटिमीटर.
५० मिलिमीटर: सुमारे ९२०.
८० मिलिमीटर: सुमारे १,३९०.
पूर्ण डिस्क: सुमारे ३,१६०.

ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे ३० ची रिम एका कागदापेक्षा थोडी लहान, ५० ची दीड कागद, ८० ची सव्वादोन, आणि डिस्क पाच कागद. आता कल्पना करा की हे कागद तुमच्या पुढच्या चाकाला चिकटवले आहेत आणि बाजूने सोसाट्याचा झोत आला. मागचं चाक फ्रेमला धरलेलं असतं, ते फार तर सायकल थोडी ढकलेल. पुढचं चाक हँडलला जोडलेलं आहे. त्यावरचा झोत थेट तुमचं हँडल वळवतो. म्हणून आयर्नमॅन शर्यतींमध्ये पुढे डिस्क चालत नाही, मागे चालते. आणि हवाईतल्या कोना इथे होणाऱ्या आयर्नमॅन जागतिक स्पर्धेत मागेही चालत नाही, कारण तिथल्या लाव्हाच्या माळावर वाऱ्याचे झोत रस्त्याला आडवे येतात.

मग डिस्क आणि तारांचं चाक यांच्या मधलं काहीतरी हवं होतं. ते शोधणाऱ्यांत अमेरिकेतल्या मिनेसोटाचा स्टीव्ह हेड हे मोठं नाव. तो १९८० च्या दशकात स्वतः चाकं बनवू लागला आणि त्याचे सुरुवातीचे बरेच गिऱ्हाईक ट्रायथलॉनवाले होते. पहिल्या खोल रिमा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या असत: टायरकडे रुंद, आत टोकदार. दिसायला बाणासारख्या, म्हणून वेगवान वाटायच्या. हेड आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हॉग यांनी एक साधी गोष्ट मनावर घेतली. चाकाच्या पुढच्या अर्ध्या भागात हवा आधी टायरला भेटते, मग रिमला. मागच्या अर्ध्या भागात मात्र हवा आधी रिमच्या आतल्या कडेला भेटते, मग टायरला. तिथे टोकदार कड असेल तर वारा जरा तिरका झाला की तिच्यावरून सुटतो आणि झटके देतो. कड गोल हवी, रिम मधे फुगीर हवी. या फुगीर रिमचं पेटंट त्यांनी घेतलं आणि १९९० च्या दशकापासून सगळा बाजार हळूहळू तिकडे वळला. आज दुकानात दिसणाऱ्या बोथट, गुबगुबीत रिमा त्यातूनच आल्या. पुढे झिप कंपनीत काम केलेल्या जॉश पोर्टनरचा एक नियम प्रसिद्ध झाला: रिमची रुंदी टायरच्या रुंदीपेक्षा निदान पाच टक्के जास्त हवी. टायर रिमबाहेर फुगलं की खोलीचा बराच फायदा गेला.

म्हणजे आधी वजनाचा काळ, मग समोरच्या वाऱ्याचा, मग आडव्या वाऱ्याचा. यातला तिसरा काळ कॅटलॉगमध्ये अजून पुरता उतरलेला नाही. विंड टनेलमधले आकडे बहुतेकदा ताशी ४८ किलोमीटरला घेतलेले असतात, कारण ते तीस मैल होतात. माझा वेग ३०. कॅटलॉगने १२ वॉट वाचतात म्हटलं तर माझ्या वेगाला त्याचे फक्त ३ उरतात, कारण ताकद वेगाच्या घनाने बदलते. हे ऐकून चाकं फसवी आहेत असं वाटेल. तसंही नाही. मी रस्त्यावर जास्त वेळ असतो, त्यामुळे वॉट कमी वाचले तरी वेळ तितकाच वाचतो, किंबहुना थोडा जास्तच. माझ्या ९० किलोमीटरना तीन तास लागतात. एकूण अडथळा तीन टक्क्यांनी कमी झाला असं धरलं, तर माझं साधारण दीड मिनिट वाचतं. ताशी ४५ ने जाणाऱ्याचं एकच.

खरा फरक दुसरीकडे आहे. बाजूने ताशी १० किलोमीटरचा वारा असेल, तर ४८ ने जाणाऱ्याला तो जेमतेम १२ अंशांनी तिरका लागतो. मला ३० ला तो १८ अंशांनी लागतो. हळू चालवणाऱ्याला वारा नेहमीच जास्त आडवा भेटतो. ज्यांच्या पायांकडे बघून चाकं विकली जातात, त्यांना वारा वेगळ्याच बाजूने लागत असतो. आणि त्यांच्यासाठीही आता मर्यादा आली आहे: १ जानेवारी २०२६ पासून यूसीआयने घोळक्याने सुटणाऱ्या रस्त्यावरच्या शर्यतींत रिमची उंची ६५ मिलिमीटरपर्यंतच ठेवली आहे.

हा सगळा हिशोब मी घरी समजावला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे सहा क्विंटलात दीड मिनिट?"

मी हो म्हणालो.

"अन् वावधन आलं तं?"

हा प्रश्न कुठल्याच कॅटलॉगमध्ये नव्हता. वावधन आलं तर मी एअरोबारवरून हात काढीन, उठून बसेन आणि हँडल घट्ट धरीन. उठून बसल्यावर अंगाचा अडथळा साधारण १५ टक्के वाढतो असं धरा. चाकांनी वाचवलेत तीन टक्के. म्हणजे अंतराचा पाचवा हिस्सा मी घाबरून उठून बसलो, ९० पैकी १८ किलोमीटर, तर चाकांनी कमावलेलं सगळं गेलं. सहा क्विंटल कापूस वाऱ्यावर. त्याहून जास्त बसलो तर साध्या चाकांपेक्षाही मागे.

माझ्यापुरतं उत्तर इथे मिळालं, आणि लेमाँडच्या त्या दुपारीही तेच होतं. चाकाचं काम वारा कापणं आहेच. पण त्याआधी स्वाराला खाली वाकून बसू देणं हे त्याचं काम आहे. ज्या खोलीच्या रिमवर तुम्ही तुमच्या रस्त्यावर, तुमच्या वाऱ्यात, कोपरं न उचलता बसू शकता, तीच तुमची खोली. ती विंड टनेलमध्ये ठरत नाही.

माझा रस्ता आहे राळेगाव ते वडकी आणि पुढे नागपूर-हैदराबाद हायवेची कड. दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर, म्हणजे वाऱ्याला अडवायला काही नाही. उन्हाळ्यात दुपारी झोत येतात. शिवाय ट्रक ओलांडून जातो तेव्हा आधी बाजूला ढकलतो आणि मग आत ओढतो. वारा बाजूने चालूच असेल तर ट्रक आड आल्यावर तो एकदम बंद होतो आणि ट्रक गेला की एकदम चालू. तुम्ही वाऱ्यावर रेललेले असता आणि टेकूच निघून जातो. हायवेच्या कडेला तेव्हा हँडल चार बोटं वळणंसुद्धा परवडत नाही.

म्हणून मी कागदावर क्रम लावला आहे. आधी बसणं: सीट, हँडल, एअरोबार, आणि त्या बसण्याची दोन महिने सवय. याचा खर्च चाकांच्या पाचव्या हिश्श्यातही बसतो. मग टायर, रिमच्या रुंदीला साजेसे. चाकं सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही सारखी नाहीत: मागे ५०, पुढे ३५. मागचं थोडं जास्त खोल असलं तरी ते हँडल ओढत नाही. पुढचं एका कागदाच्या मापाजवळ ठेवायचं. ज्यांचं वजन ५०-५५ किलोच्या आसपास आहे त्यांनी पुढे ३० च्या वर जायची घाई करू नये, कारण झोत तेवढाच असतो आणि त्याला अडवायला अंग कमी.

घरी ठरलं ते असं: पुढचं चाक यंदा, मागचं पुढच्या हंगामात. बाबांची अट एकच आहे, आधी ते चाक वडकीच्या रस्त्यावर मे महिन्यातल्या दुपारी चालवून बघायचं.